वारशाने आलेली तिकिटे

घरातले कर्ते माणूस जाते, तेरावा उरकतो, पाहुणे आपापल्या गावी परततात आणि मग कपाटे उघडण्याची वेळ येते. सोने तराजूत घालता येते, जमीन सातबाऱ्यावर वाचता येते, भांडीकुंडी वाटून घेता येतात. पण कपाटाच्या तळाशी, जुन्या धोतराच्या घडीत गुंडाळलेली एक जाड वही निघते. तिच्या पानापानावर पोस्टाची तिकिटे लावलेली असतात आणि शेजारी दोऱ्याने बांधलेला जुन्या पाकिटांचा एक गठ्ठा असतो. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ही रद्दी आहे, पोरांना खेळायला देऊन टाका. दुसरा म्हणतो, असल्या एकेका तिकिटाला परदेशात लाखांनी भाव येतो, कोणी हात लावू नका. श्रोतेहो, हे दोन्ही पक्ष बहुधा चुकलेले असतात, आणि दोघांची चूक एकच असते. हे तिकीट कोणी छापले, कशासाठी छापले, किती दिवस चालले, ही हकीकत दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

आजचा माझा विषय हाच आहे. तिकिटांची किंमत कशी ठरते आणि ती विकावी कशी, हा व्यवहाराचा प्रश्न वाटतो खरा. पण इतिहास कळल्यावाचून या व्यवहारात एक पाऊलही टाकता येत नाही. आपल्या कळमनुरीसारख्या गावी तर ही गोष्ट दुपटीने खरी आहे. पुण्यामुंबईच्या घरातली जुनी तिकिटवही आणि आपल्याकडची वही यांत एक मोठा फरक असतो. आपल्या वाडवडिलांच्या काळी या गावी एका राज्याची टपाल नव्हे, दोन राज्यांची टपाल चालत असे.

थोडे मागे जाऊन सांगतो. टपालाचा आकार आधी घेऊन पत्रावर कागदाचा तुकडा डकवायचा, ही कल्पना इंग्लंडात रोलंड हिल याने मांडली आणि ६ मे १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याचे एक पेनीचे काळे तिकीट चलनात आले. हिंदुस्थानात पहिला प्रयोग झाला तो सिंध प्रांतात. १८५२ साली तिथला कमिशनर बार्टल फ्रिअर याने अर्ध्या आण्याचे गोल तिकीट काढले. ते लाल लाखेचे, पांढऱ्या कागदाचे आणि निळ्या रंगाचे असे तीन प्रकारचे आहे. हा फ्रिअर त्यापूर्वी सातारच्या दरबारी होता आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, म्हणून मराठी वाचकांना तो अपरिचित नाही. मग १ ऑक्टोबर १८५४ पासून सबंध इंग्रजी मुलखासाठी एकच तिकीट सुरू झाले.

पण आपला मुलूख इंग्रजी नव्हता. कळमनुरी हे निजामाच्या राज्यात परभणी जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. निजामाने स्वतःचे पहिले तिकीट १८६९ साली काढले. ते एक आण्याचे, हिरवट रंगाचे. त्याच वर्षी अफझलउद्दौला वारला आणि अडीच-तीन वर्षांचा महबूब अली खान गादीवर बसला. कारभार दिवाण सालारजंग पाहत होता. पुढच्या वर्षी, १८७० साली, अर्धा आणा आणि दोन आणे यांची तिकिटे हैदराबादेतच छापली गेली. त्यांचा साचा हाताने कोरलेला होता. एका तक्त्यावर २४० तिकिटे, आणि कोरणाऱ्याने प्रत्येक तिकीट वेगळे कोरल्यामुळे एकासारखे दुसरे नाही. १८७१ साली लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीच्या कोरीव साच्यांची माला आली. अर्ध्या आण्यापासून बारा आण्यांपर्यंतची ही तिकिटे जवळजवळ तीन तपे चालली. त्यांच्यावर फारसी आणि इंग्रजीबरोबर मराठी व तेलुगू अक्षरांतही किंमत आहे. म्हणजे ज्या राज्यात कचेरीचा कारभार आधी फारसीत व मग उर्दूत चालला, त्या राज्याच्या तिकिटावर देवनागरीतला ‘आणा’ मात्र होता. आपल्या आज्यापणज्यांना राज्याने त्यांच्या लिपीत दिलेल्या मोजक्या छापील वस्तूंपैकी ही एक होय.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. इंग्रजी मुलखातल्या तिकिटावर राणीचा किंवा राजाचा चेहरा असे. निजामाने आपला चेहरा तिकिटावर घातला नाही. अक्षरे, नक्षी आणि पुढे इमारती हेच त्याच्या तिकिटांवर मुख्यतः दिसते. १९३१ साली जी चित्रांची माला निघाली तीत एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर हायकोर्ट, चार आण्यांवर उस्मानसागर तलाव, आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदरचा मदरसा आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार आहे. अजिंठा आणि दौलताबाद ही आपल्या मराठवाड्याची दोन स्थळे त्या मालेत आहेत, हे वही चाळताना मुलांना आवर्जून दाखवावे.

आता दोन टपालांची गोष्ट. निजामाची तिकिटे फक्त निजामाच्या राज्यात चालत. कळमनुरीहून नांदेडला किंवा औरंगाबादेस पत्र टाकायचे तर निजामाचे तिकीट पुरे होई. पुण्याला, नागपूरला, किंवा पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात पत्र टाकायचे तर इंग्रजी टपालाचे तिकीट लागे, आणि त्यासाठी राज्यात ठिकठिकाणी इंग्रजी पोस्ट हापिसे होती. आपल्या शेजारच्या हिंगोलीला तर हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी १९०३ सालापर्यंत होती. छावणी म्हटली की तिचे टपाल आलेच. निजामाचे चलनही वेगळे होते. हाली शिक्क्याचे सात रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार. तेव्हा आपल्या घरच्या गठ्ठ्यात दोन राज्यांची, दोन चलनांची तिकिटे एकत्र बांधलेली सापडली तर नवल मानू नये. ती कोणी हौसेने जमवलेलीच असतील असेही नाही. नदीअलीकडे एक टपाल आणि पलीकडे दुसरे, अशा गावी राहणाऱ्या माणसाच्या साध्या पत्रव्यवहाराची ती खूण आहे.

इतके पाहिल्यावर किमतीकडे वळू. पहिला नियम असा की जुने ते सोने हा न्याय तिकिटांना लागत नाही. जगातले पहिले तिकीट म्हणजे ते पेनीचे काळे तिकीट. पण ते सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले आणि त्यांतली पुष्कळ अजून शिल्लक आहेत. म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण दुर्मिळ नाही. निजामाच्या १८७१ च्या मालेतले अर्ध्या आण्याचे तिकीट तसेच. दीडशे वर्षांचे आहे म्हणून ऐकणारा चमकतो, पण तीन तपे रोजच्या पत्रांवर लागलेले ते तिकीट शाळकरी पोरांच्या वह्यांतही सापडते. उलट १५ ऑगस्ट १९४८ रोजी भारत सरकारने गांधीजींची चार तिकिटे काढली, त्यांतल्या दहा रुपयांच्या तिकिटाची गोष्ट पहा. स्वित्झर्लंडात छापलेल्या या तिकिटावर गव्हर्नर जनरलच्या कचेरीसाठी ‘सर्व्हिस’ अशी अक्षरे उमटवून फक्त १०० प्रती केल्या होत्या. त्यांपैकी चार जोडतिकिटांची एक पट्टी २०१७ साली लंडनच्या स्टॅन्ली गिबन्स या पेढीने पाच लाख पौंडांना विकली. वय थोडे आणि किंमत अफाट, याचे कारण संख्या. किती छापली, किती उरली आणि किती जणांना हवी आहेत, या तीन आकड्यांवर बाजार चालतो.

दुसरा नियम अवस्थेचा. ज्याची भोके नीट आहेत, रंग उडालेला नाही, पाठीचा पापुद्रा निघालेला नाही, चित्र कागदाच्या मधोमध आहे, ते तिकीट आणि तेच तिकीट कोपरा फाटलेले, यांच्या किमतीत कधी कधी रुपया आणि आणा इतके अंतर पडते. आपल्याकडच्या वह्यांचे वैरी दोन, पावसाळा आणि खळ. ओलीने तिकिटे एकमेकांस चिकटतात आणि खळीच्या वासाने झुरळे येतात. अशी वही हाती आली तर चिकटलेली तिकिटे नखाने सोडवू नयेत. चिकटपट्टी लावून फाटलेले सांधण्याचा तर विचारही मनात आणू नये. वही कोरड्या जागी उभी ठेवावी आणि तिकीट उचलायचेच झाले तर बोटांनी नव्हे, चपट्या टोकाच्या चिमट्याने उचलावे.

तिसरा नियम खरेखोटेपणाचा, आणि इथे इतिहास प्रत्यक्ष पैशाच्या रूपाने कामाला येतो. मघाशी १८७० च्या हैदराबादी तिकिटांचा उल्लेख केला. ती मुळात दुर्मिळ आहेत. पण १८८० साली तीच तिकिटे हौशी लोकांसाठी पुन्हा छापली गेली. चित्र तेच आणि गावही तेच, म्हणून डोळ्यांना फरक कळत नाही. फरक आहे तो कडेच्या भोकांत. दोन सेंटिमीटर लांबीत किती भोके येतात हे मोजण्याची एक पट्टी मिळते. मूळ तिकिटाला साडेअकरा येतात आणि पुनर्मुद्रणाला साडेबारा. एका भोकाच्या फरकाने मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे ठरते, आणि किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर पडते. पट्टी काही फार महाग येत नाही. कागदातले पाणचिन्ह असेच पाहावे लागते. इंग्रजी अमदानीतल्या १८६५ च्या तिकिटांच्या कागदात हत्तीचे डोके आहे, पुढे १८८० नंतरच्या तिकिटांत तारा आहे. निजामाच्या सरकारी कचेऱ्यांसाठी १८७३ पासून तिकिटांवर फारसी लिपीत ‘सरकारी’ हा शब्द छापीत. तो शब्द कधी उलटा पडला, कधी दोनदा पडला, म्हणजे संग्राहकांच्या उड्या पडतात. आणि जिथे उड्या पडतात तिथे खोटा शिक्का मारणारेही असतात, हे सांगायला नकोच.

चौथी गोष्ट किंमतपुस्तकाची. लंडनच्या गिबन्सने १८५६ साली धंदा सुरू केला आणि १८६५ पासून दरपत्रक छापले. आज अशी पुस्तके अनेक देशांत निघतात. वारसाच्या हाती हे पुस्तक पडले की तो आपल्या वहीतली तिकिटे त्यात शोधतो, आकडे मांडतो आणि खाली बेरीज मारतो. ती बेरीज भलतीच मोठी येते आणि मग व्यापाऱ्याने सांगितलेला भाव ऐकून तो म्हणतो, मी लुटला गेलो. असे होते याचे कारण, पुस्तकातला आकडा दुकानदाराने निर्दोष तिकीट विकण्याचा आहे, घेण्याचा नव्हे. त्यातही अगदी स्वस्त तिकिटासमोर जो लहानसा आकडा असतो तो तिकिटाचा नसतोच. ते तिकीट शोधून, पाकिटात घालून गिऱ्हाइकाला देण्याची ती मजुरी असते. अशा हजार तिकिटांची बेरीज केली तर हजार वेळची मजुरी जमा होते. ती आपल्याला कोण देणार? मोबाइलवर जे भाव दिसतात त्यांचेही तसेच. मागितलेला भाव आणि मिळालेला भाव या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाजारात म्हशीची किंमत मालक सांगतो ती नसते, सौदा तुटतो ती असते, हे आपल्या गावात कोणाला समजावून सांगायला नको.

वारशाने आलेले तिकीट म्हटले की जगात एका तिकिटाची कथा सांगितलीच पाहिजे. दक्षिण अमेरिकेत ब्रिटिश गयाना नावाची वसाहत होती. तिथे १८५६ साली तिकिटांचा साठा संपला म्हणून स्थानिक छापखान्यात घाईने काही तिकिटे छापली. त्यांतले एक सेंटचे जांभळट तिकीट जगात एकच उरले. १८७३ साली व्हर्नन व्हॉन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला ते घरच्या जुन्या कागदांत सापडले आणि त्याने ते सहा शिलिंगांना विकून टाकले. पुढे ते फेरारी नावाच्या थोर संग्राहकाकडे गेले. फेरारीने आपला सारा संग्रह मृत्युपत्राने बर्लिनच्या टपाल संग्रहालयाला दिला होता. पण तो वारला १९१७ साली, ऐन महायुद्धात, आणि संग्रह होता पॅरिसमध्ये. फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून तो जप्त केला आणि १९२१ ते १९२५ पर्यंत चौदा लिलावांत विकला. गयानाचे तिकीट १९२२ साली आर्थर हाइंड या अमेरिकन गिरणीवाल्याने घेतले. तो १९३३ साली वारल्यावर वाद उभा राहिला. पत्नी म्हणाली, हे तिकीट नवऱ्याने मला दिले होते. इस्टेटीचे म्हणणे, ते संग्रहातलेच आहे. अखेर कोर्टाने ते पत्नीला दिले आणि १९४० साली तिने ते विकले. २०२१ साली न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ८३ लाख डॉलर्सच्या वर किंमत आली.

लोकांना या कथेतले ८३ लाख तेवढे आठवतात. मला तीतल्या तीन चुका महत्त्वाच्या वाटतात. मुलाने न विचारता विकले. फेरारीने मृत्युपत्र केले, पण वस्तू कुठे आहे आणि ती पोहोचणार कशी याचा विचार केला नाही. हाइंडने बायकोला काय दिले ते लिहून ठेवले नाही. आपल्या घरांत लाखांची तिकिटे नसतील, पण या तिन्ही चुका मात्र हमखास असतात.

म्हणून वारसाची गोष्ट आधी उरकली पाहिजे. तिकिटांचा संग्रह ही जंगम मालमत्ता आहे. बापाच्या मागे मुलाने वही उचलून नेली म्हणून ती एकट्याची होत नाही. हिंदू घरांत १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीही वडिलांच्या वारस आहेत आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही त्यांना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला आहे. मुसलमान घरांत वाटणी शरीयतीप्रमाणे होते आणि तिथेही मुलीचा वाटा ठरलेला आहे. तेव्हा विकण्यापूर्वी वहीतल्या पानांची मोजदाद करावी, पानापानाचे छायाचित्र घ्यावे, सर्व वारसांच्या समक्ष यादी करावी आणि सह्या घ्याव्यात. चार हजारांची वही विकून बहीण-भावांत अबोला आला तर तो सौदा कितीही चांगला असो, तोट्याचाच.

आता विकण्याचे मार्ग. पहिला म्हणजे सबंध संग्रह एका व्यापाऱ्याला एकदम देणे. पैसे रोख आणि लगेच मिळतात, पण भाव कमी मिळतो. यात त्याची लबाडीच असते असे नाही. त्याला दुकान चालवायचे असते, माल वर्षानुवर्षे सांभाळायचा असतो आणि वहीतला पुष्कळसा भाग कोणीच घेणार नसतो. दुसरा मार्ग लिलावाचा. चांगल्या नगाला तिथे चांगली किंमत येते, पण लिलाववाले विकणाराकडून आडत घेतात, मालही निवडून घेतात आणि महिनोन् महिने थांबावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे संग्राहकांच्या मंडळांतून हळूहळू विकणे. यात मेहनत फार, पण माहितीही फार मिळते. कोणताही मार्ग धरा, एक सावधगिरी ठेवा. घेणारा म्हणतो, मला एवढी दहा तिकिटे पुरेत, बाकीची तुम्ही ठेवा. तो मलई काढून नेतो आणि आपल्या हाती ताक राहते. दहा द्यायची तर त्या दहांची किंमत आधी दुसऱ्या जाणत्याकडून कळून घ्यावी. एकाच माणसाने किंमत ठरवायची आणि त्यानेच विकत घ्यायचे, असे होऊ देऊ नये. वही तपासायला दिली तरी नगांच्या यादीसह पावती घेतल्यावाचून हातची सोडू नये.

पोस्टाच्या तिकीट-संग्राहक विभागात जुनी वही घेऊन जाणारेही पाहण्यात येतात. तो विभाग नवी तिकिटे छापील किमतीला विकतो, जुनी विकत घेत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या तिकिटांचे पुरे तक्ते पुढे मोठा भाव येईल म्हणून पुष्कळांनी घेऊन ठेवले. पण सगळ्यांनीच ठेवल्यामुळे ते दुर्मिळ झाले नाहीत. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले आणि आण्यांचा हिशेब संपला, म्हणून आण्यांची कोरी तिकिटे आज पत्रावरही चालत नाहीत. आणखी एक धोका अलीकडचा आहे. तुमच्या जुन्या वस्तूला लाखो रुपये देतो, फक्त नोंदणीची फी आधी भरा, असे फोन येतात. जुन्या नाण्यानोटांच्या नावाने चालणाऱ्या असल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. तिकिटांनाही तोच न्याय लावावा. ज्याला खरोखर घ्यायचे आहे तो पैसे देतो, मागत नाही.

आतापर्यंत वहीची गोष्ट झाली. आता तिच्याशेजारच्या त्या दोऱ्याने बांधलेल्या गठ्ठ्याकडे येतो, कारण माझ्या मते खरा वारसा तिथे आहे. घरातली हुशार पोरे काय करतात? जुन्या पाकिटांवरची तिकिटे कापतात, पाण्यात भिजवून सोडवतात, वहीत लावतात आणि पाकीट चुलीत टाकतात. एका घटकेत ते दोन नुकसाने करतात. बाजाराच्या दृष्टीने, सुटे तिकीट दोन-चार रुपयांचे असते तेव्हा तेच तिकीट पाकिटावर, पोस्टाच्या स्पष्ट शिक्क्यासह, पुष्कळ अधिक मोलाचे असू शकते. लहान गावच्या पोस्टाचा शिक्का शोधणारे लोक असतात, कारण मोठ्या शहरांतून पत्रे लाखांनी गेली, लहान गावांतून थोडी गेली, आणि त्यांतली जपून ठेवलेली आणखी थोडी. दुसरे नुकसान पैशात मोजता येत नाही.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, गठ्ठ्यात १९४७-४८ सालची काही पाकिटे आहेत. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आपण झालो नाही. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात स्वतंत्र भारत होता आणि उमरखेडसारख्या ठिकाणी मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांच्या छावण्या होत्या. अलीकडे निजामाचे राज्य आणि रझाकारांची दहशत. पलीकडून आलेल्या पाकिटावर भारताचे तिकीट, अलीकडे गेलेल्यावर निजामाचे. गांधीजींची तिकिटे १५ ऑगस्ट १९४८ ला निघाली तेव्हाही आपण निजामाच्याच अमलाखाली होतो. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद शरण आले. पण त्यानंतरचे, १९४९ सालचे पाकीट पाहा, तिकीट अजून निजामाचेच आहे. राज्य गेले, लष्करी गव्हर्नर आला, तरी निजामाचे टपाल भारतीय टपालात विलीन झाले ते १९५० साली. राज्य एका दिवसात बदलते, पण रोजचे व्यवहार सावकाश बदलतात, हे इतिहासाचे मोठे सूत्र आहे. ते पुस्तकात वाचून पटत नाही, पण आजोबांच्या नावाच्या पाकिटावर पाहिले की पटते.

दुसरे उदाहरण पावत्यांचे. निजामाच्या तिकिटांवर पुढे ‘टपाल व पावती’ अशा अर्थाची अक्षरे छापीत. म्हणजे तेच तिकीट पत्रावरही चाले आणि पैसे मिळाल्याच्या पावतीवरही. त्यामुळे जुन्या वह्यांत, सावकारी चोपड्यांत आणि आडतीच्या हिशेबांत तिकिटावर आडवी सही ठोकलेल्या पावत्या सापडतात. मजकूर मोडीत, सन फसली. फसली सनात ५९० मिळवले की इंग्रजी सन साधारण कळतो. संग्राहक अशा तिकिटाकडे पाहत नाही, कारण त्यावर शाई पडलेली असते. पण कापसाचा भाव काय होता, व्याजाचा दर काय होता, कुणी कुणाची जमीन गहाण घेतली, हे त्या पावतीत असते. कळमनुरीचा सामाजिक इतिहास लिहिला जाईल तेव्हा तो असल्या कागदांवरून लिहिला जाईल. आणि ते कागद तर तिकीट काढून घेतल्यावर आपण जाळतो आहोत.

म्हणून माझे सांगणे असे. वही विकायची असेल तर खुशाल विका. ज्याला तिची हौस आहे त्याच्या हाती ती गेली तर तिकिटांचेही भले होते. मुलाच्या शिक्षणाला किंवा औषधपाण्याला पैसे लागत असताना वही उराशी धरून बसण्यात काही पुरुषार्थ नाही. पण पाकिटे आणि पावत्या वहीपासून वेगळ्या काढा. त्या कापू नका, भिजवू नका. मोडी आणि उर्दू वाचणारा माणूस गावात असेल तोवर त्याच्याकडून त्या वाचून घ्या, कारण असे लोक दिवसेंदिवस कमी होत आहेत. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घ्या आणि मागे कोण कोणाला लिहितो आहे ते टिपून ठेवा. राज्याच्या पुराभिलेखागारात किंवा नांदेडच्या विद्यापीठात जाणत्यांना दाखवा. परदेशी गिऱ्हाईक भेटले तर मात्र थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ऐतिहासिक मोलाच्या कागदपत्रांना तर पंचाहत्तर वर्षांचीच मर्यादा आहे, आणि निजामी टपालाला पंचाहत्तर वर्षे आता होऊन गेली.

तिकिटे जमवणाऱ्या वडिलांनी ती का जमवली असतील, याचाही विचार एकदा करावा. ज्या काळी कळमनुरीहून परभणीला जाणे हा प्रवास होता, त्या काळी एखादा मास्तर किंवा कारकून टेबलाशी कंदील घेऊन बसे आणि चिमूटभर कागदावर हत्ती, मिनार, जहाज, राजा पाहत असे. त्याने जग पाहिले ते त्या वहीत. त्याच्यामागे तिचे काय करायचे ते आपण ठरवायचे आहे. वहीची किंमत बाजार ठरवील आणि ती जी येईल ती वारसांनी सारखी वाटून घ्यावी. पण गठ्ठ्याचा दोरा सोडण्याआधी वरचे पहिले पाकीट उजेडात धरून त्यावरचे नाव, गाव आणि शिक्का एकदा सगळ्यांनी मिळून वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.